पगार मालकाचा, काम कामगाराचे

कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ४९ ने एक चमत्कारिक नोकरी निर्माण केली. ज्या कारखान्यात ५०० किंवा त्याहून अधिक कामगार आहेत, तिथे मालकाने कल्याण अधिकारी नेमलाच पाहिजे, असे हे कलम सांगत असे. नेमणूक मालकाने करायची, पगार मालकाने द्यायचा, बढतीही त्याच्याच हातात. काम मात्र कामगारांची गाऱ्हाणी ऐकण्याचे आणि ती मालकापुढे मांडण्याचे. कॅन्टीनची आमटी, पाळणाघर, रजा, कर्जाचे अर्ज, दारूपायी मोडायला आलेले संसार, सगळे त्याच्या टेबलावर यायचे. या नोकरीत आणि तिच्या पुढच्या अवतारांत मी पस्तीस वर्षे काढली. तेवढ्या काळात माझ्या दारावरची पाटी तीन वेळा बदलली. आधी ‘कल्याण अधिकारी’, मग ‘पर्सोनेल’, मग ‘एचआरडी’ आणि शेवटी नुसते ‘एचआर’. कामगार मात्र अखेरपर्यंत मला ‘लेबर ऑफिसर’च म्हणत.

पाटी बदलते तेव्हा फक्त इंग्रजी बदलते, असे पुष्कळांना वाटते. खरे तर यातली प्रत्येक पाटी ही एका वादातली बाजू आहे. हा वाद या व्यवसायातल्याच लोकांचा, आपापसातला आहे: माणसांना कामावर सांभाळायचे म्हणजे नेमके काय करायचे, आणि ते कोणाच्या वतीने? कार्यपद्धती, गुणपत्रके, प्रशिक्षणे यांवरचे मतभेद खरवडत गेले की खाली हाच प्रश्न लागतो. त्याची मुळे मुंबईत आहेत, आणि बरीचशी देवनारच्या आसपास.

जॉबरची खुर्ची

मुंबईच्या कापडगिरण्यांत माणसांचा कारभार पहिल्यांदा ज्याच्या हातात होता तो जॉबर. तोच भरती करी, तोच बदलीवर लावी, तोच काढून टाकी. गावाकडून आलेल्या माणसाला खोली, खाणावळ आणि अडीअडचणीला उचल मिळायची तीही बहुधा त्याच्याच ओळखीने. बदल्यात दस्तुरी द्यावी लागे. बायकांच्या खात्यांत हेच काम नायकीण करी. जॉबरची सत्ता जुलमी होती यात शंका नाही. पण त्याला प्रत्येक माणसाचे गाव, घर आणि कर्ज ठाऊक असे. पुढच्या कोणत्याही खात्याला इतकी माहिती जमवता आली नाही.

कामगारांच्या स्थितीची पाहणी करायला १९२९ मध्ये जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली रॉयल कमिशन नेमले गेले. त्याच्या १९३१ च्या अहवालाने सुचवले की भरती आणि बडतर्फी जॉबरच्या हातून काढून घ्यावी आणि त्यासाठी लेबर ऑफिसर नेमावेत. मुंबईत १९३४ साली गिरण्यांचा मोठा संप झाला. त्याच वर्षी मुंबई सरकारने औद्योगिक तंट्यांत समेट घडवण्यासाठी कायदा केला आणि कामगारांच्या हिताकडे पाहण्यासाठी सरकारी लेबर ऑफिसर नेमला. मागोमाग गिरणीमालक संघानेही स्वतःचा लेबर ऑफिसर नेमला.

नाव एक, काम वरकरणी एक, धनी दोन. वादाचे बीज इथे पडले. एका मतानुसार लेबर ऑफिसर हा जॉबरच्या मनमानीवरचा उतारा होता. दुसऱ्या मतानुसार, विशेषतः संघटनांच्या मतानुसार, कामगाराने आपले गाऱ्हाणे युनियनकडे नेऊ नये म्हणून मांडलेली ती खुर्ची होती. दोन्ही मतांत तथ्य होते. म्हणूनच ती नव्वद वर्षे टिकली आहेत.

नागपाड्याहून देवनारला

पाश्चात्त्य देशांत माणसांच्या व्यवस्थापनाचे शास्त्र मुख्यतः कारखान्याच्या आतून उगवले. फ्रेडरिक टेलरने घड्याळ लावून कामाची मोजणी केली, तो इंजिनिअर होता. मुंबईत या शिक्षणाचा एक मोठा झरा निघाला तो समाजकार्यातून. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट नागपाड्याच्या वस्तीत काम करत होते. त्यांच्या पुढाकाराने १९३६ साली तिथेच ‘सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क’ सुरू झाले. १९४४ मध्ये त्याचे नाव टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झाले आणि १९५४ मध्ये संस्था देवनारला आली. कामगार कल्याण हा तिथे समाजकार्याच्या शिक्षणाचा भाग होता. कलम ४९ आले तेव्हा कारखान्यांना जे प्रशिक्षित अधिकारी हवे होते, ते पुरवणाऱ्या संस्थांपैकी ही एक. परळची सरकारी श्रमविज्ञान संस्था १९४७ ची. आज तिला नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव आहे.

या उगमामुळे आमच्या व्यवसायाला एक कायमची द्विधा मिळाली. वर्गात शिकवले जायचे ते वस्तीतल्या माणसाबरोबर उभे राहणे, आणि नोकरी मिळायची ती मालकाच्या कचेरीत. नियम करणाऱ्यांनाही याची जाणीव होती. कल्याण अधिकाऱ्याने कामगाराविरुद्धची शिस्तभंगाची प्रकरणे हाताळू नयेत आणि लवादापुढे किंवा न्यायालयात कामगारांविरुद्ध व्यवस्थापनाच्या बाजूने उभे राहू नये, अशी तरतूद आदर्श नियमांत होती. न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या राष्ट्रीय श्रम आयोगानेही १९६९ च्या अहवालात हेच सांगितले: या अधिकाऱ्याला व्यवस्थापनाच्या वतीने तंटे हाताळायला लावू नये.

हा नियम मला पाठ होता. तरी मी तो मोडला. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात, नोकरीच्या तिसऱ्या वर्षी. एक कामगार न कळवता दीड महिना गैरहजर राहिला. त्याच्यावर आरोपपत्र ठेवले गेले आणि खातेअंतर्गत चौकशीत व्यवस्थापनाची बाजू मांडायला मला बसवले. त्याने चौकशी अधिकाऱ्याकडे एकच प्रश्न विचारायची परवानगी मागितली आणि माझ्याकडे वळून म्हणाला, “साहेब, पतपेढीच्या अर्जात बायको आजारी म्हणून तुम्हीच लिहून दिलं होतं ना?” खरे होते. त्याला लिहिता येत नव्हते म्हणून तो अर्ज मीच भरला होता. चौकशी अधिकाऱ्याने प्रश्न गैरलागू ठरवला आणि तशी नोंद केली. मी गप्प बसलो. तो बडतर्फ झाला.

नंतर मी दोन ज्येष्ठ सहकाऱ्यांशी बोललो. एक म्हणाले, “तू नसतास तर दुसरा बसला असता, आणि त्याला तो अर्ज माहीतही नसता.” दुसरे म्हणाले, “तू उठून जायला हवं होतंस. तुझ्या खुर्चीला किंमत आहे ती कामगाराचा तिच्यावर विश्वास आहे म्हणून. तो गेल्यावर व्यवस्थापनालाही तुझा उपयोग नाही.” दोघेही सज्जन होते, अनुभवी होते. या व्यवसायातले दोन मुख्य पक्ष मी त्या दिवशी समोरासमोर पाहिले. पहिल्या पक्षाला व्यवस्थेच्या आत राहून जमेल तेवढे करायचे असते. दुसऱ्याला वाटते की काही कामे नाकारल्याशिवाय आपले कामच उरत नाही.

पवईचे वळण

सत्तरच्या दशकात तिसरा पक्ष आला. पवईला मोठा कारखाना असलेल्या लार्सन अँड टुब्रोने १९७४ मध्ये आपली कामगिरी-मूल्यमापनाची पद्धत तपासण्यासाठी अहमदाबादच्या आयआयएमचे उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांना बोलावले. त्यांनी मूल्यमापनापुरते उत्तर दिले नाही. माणसांच्या विकासाचे काम नेहमीच्या कार्मिक प्रशासनापासून वेगळे करा, मूल्यमापन, समुपदेशन, प्रशिक्षण आणि पुढची वाटचाल यांची एक सलग व्यवस्था उभारा, असे त्यांनी सुचवले. भारतातल्या ‘एचआरडी’ची सुरुवात साधारणपणे इथून मोजतात. पुढे १९८५ मध्ये या विचाराच्या लोकांचे नॅशनल एचआरडी नेटवर्क उभे राहिले.

यामागे एक मोठी कल्पना होती. डग्लस मॅकग्रेगर या अमेरिकन प्राध्यापकाने १९६० मध्ये मांडले होते की प्रत्येक व्यवस्थापकाच्या डोक्यात माणसाविषयी एक गृहीतक असते. माणूस मुळात कामचुकार आहे असे धरले तर आपण पहारा बसवतो. माणसाला जबाबदारी आवडते असे धरले तर आपण वाव देतो. आणि माणूस पुष्कळदा आपल्या गृहीतकाप्रमाणेच वागू लागतो.

विकासवाल्यांचा आमच्यासारख्यांवर आक्षेप सरळ होता. दिवसभर आरोपपत्रे, ओव्हरटाइमचे तंटे आणि न्यायालयाच्या तारखा यांत गुंतलेल्या अधिकाऱ्याला माणूस हा ‘प्रकरण’ म्हणूनच दिसतो. माणूस वाढू शकतो हे त्याला सुचतच नाही. कायदेवाल्यांचे उत्तरही सरळ होते: तुमचा विकास पहिल्यांदा पोचतो तो साहेब आणि सुपरवायझर यांच्यापर्यंत. मशिनवरच्या माणसाला विकासाआधी हवा असतो हक्क, आणि हक्क शिबिरातून मिळत नाही, करारातून मिळतो.

मी देवनारला शिकत असताना मुंबईत गिरणी संप चालू होता. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. कायद्याने मान्यता होती राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. कामगार होते सामंतांच्या मागे. या एकाच घटनेतून दोन पक्षांनी दोन धडे काढले. कायदेवाले म्हणाले, कामगारांना नको असलेली संघटना कायदा त्यांच्यावर लादतो तेव्हा असा स्फोट होतो. प्रतिनिधी खरा असला पाहिजे. विकासवाले म्हणाले, कामगाराचे थेट ऐकणारे गिरणीत कोणी नव्हते. संवाद असता तर मधल्या माणसाची गरजच पडली नसती. तिसरा धडा मालकांनी मुकाट्याने घेतला. मोठ्या संख्येने कायम कामगार एका छपराखाली ठेवायचेच नाहीत. कापड यंत्रमागांवर गेले, इतर उद्योगांत कामे कंत्राटावर. आमच्या व्यवसायावर सर्वाधिक परिणाम या तिसऱ्या धड्याचा झाला, आणि आमच्या वादांत त्याची चर्चा सर्वांत कमी झाली.

नऊ जणांत एक नापास

उदारीकरणानंतर वादाचे मैदान बदलले. जनरल इलेक्ट्रिकचे प्रमुख जॅक वेल्च यांनी गाजवलेली पद्धत इथल्या कंपन्यांतही आली: दर वर्षी वरचे २० टक्के निवडा, मधले ७० टक्के सांभाळा, खालच्या १० टक्क्यांना निरोप द्या. या मूल्यमापनाच्या आलेखाला घंटेच्या आकारावरून ‘बेल कर्व्ह’ म्हणतात.

तिच्या बाजूचा युक्तिवाद पोकळ नाही. सक्ती नसेल तर साहेब सगळ्यांनाच ‘उत्तम’ देतो, वाईटपणा टाळतो, आणि खरोखर चांगले काम करणाऱ्याला त्याचे फळ मिळत नाही. विरोधी युक्तिवाद असा: हजारो माणसांच्या गटात असा आलेख कदाचित खरा उतरेल, नऊ जणांच्या खात्यात तो उतरवणे म्हणजे आकड्यासाठी माणूस शोधणे. माझ्या एका कंपनीत नऊ इंजिनिअरांच्या खात्याने यावर तोडगा काढला होता. तळाच्या क्रमांकाची त्यांनी आपसांत पाळी लावली होती. यंदा तू, पुढच्या वर्षी मी. ज्याच्याकडे लग्नकार्य किंवा घराचा हप्ता असेल त्याला सूट. कागदावर आमची पद्धत चोख चालली होती. मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये अशी क्रमवारी सोडून दिली तेव्हा मला त्या नऊ जणांची आठवण झाली.

परचेस खात्यातली माणसे

कल्याणवाले, कायदेवाले, विकासवाले आणि क्रमवारीवाले इतके भांडले, पण एका गोष्टीवर न बोलता त्यांचे एकमत होते. ‘आपली माणसे’ म्हणजे ज्यांची नावे आपल्या मस्टरवर आहेत ती. मी काम केलेल्या कारखान्यात एका टप्प्यानंतर कंत्राटी माणसे कायम कामगारांपेक्षा जास्त झाली. त्यांची बिले परचेस खाते मंजूर करी. ऑक्सिजनची सिलिंडरे, कॉटन वेस्ट आणि माणसे यांच्या नोंदी एकाच रजिस्टरात असत. त्यांचे नाव, गाव, आजार यांतले काही एचआरला ठाऊक नसे.

हा प्रश्नही देवनारच्या शेजारी फार आधी उभा राहिला होता. तुर्भ्याच्या, म्हणजे ट्रॉम्बेच्या, स्टँडर्ड व्हॅक्यूम रिफायनरीत साफसफाईचे आणि देखभालीचे काम कंत्राटदारामार्फत होई. कंत्राटी पद्धत बंद करा, ही मागणी केली ती रिफायनरीच्या कायम कामगारांनी. १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. काम कायमस्वरूपी आहे का, उद्योगाला आवश्यक आहे का, पूर्ण वेळ माणूस लागेल इतके आहे का, आणि इतरत्र ते कायम कामगार करतात का, हे प्रश्न त्या निकालात महत्त्वाचे ठरले. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात तेच प्रश्न कसोट्या म्हणून आले. कंत्राटदाराने वेतन बुडवले तर ते मूळ मालकाने द्यावे, कॅन्टीन आणि विश्रांतीची जागा दिली नाही तर तीही त्यानेच द्यावी, असेही हा कायदा सांगत होता. मात्र २००१ मध्ये स्टील अथॉरिटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की कंत्राटी पद्धतीवर बंदी आली म्हणून कामगार आपोआप मूळ मालकाचा होत नाही. कंत्राटच बनावट होते, हे त्याला सिद्ध करावे लागते.

हे सिद्ध करायला किती काळ लागतो, ते मुंबईच्या कचरा कामगारांना विचारावे. देवनारच्या कचराभूमीचा इतिहास १९२७ पर्यंत मागे जातो. तिथवर पोचणारा कचरा उचलणाऱ्यांत हजारो कंत्राटी होते. कचरा वाहतूक श्रमिक संघ वर्षानुवर्षे लढला. औद्योगिक न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये सुमारे २,७०० कामगारांना महापालिकेचे कायम कामगार ठरवले आणि २०१७ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. वस्त्यांमधल्या सफाईच्या दत्तक वस्ती योजनेत तर झाडणाऱ्याला कामगार म्हणतच नसत. तो स्वयंसेवक, आणि त्याला मिळायचे ते मानधन. आमच्या दारावरच्या पाट्या बदलत होत्या तशा त्यांच्याही बदलत होत्या. आमच्या पाटीबरोबर पगार वाढत गेला, त्यांच्या पाटीबरोबर हक्क गळत गेला.

आणि जून २०२४ च्या अखेरीस खुद्द देवनारच्या संस्थेतून बातमी आली. अनुदानावर नेमलेल्या शंभराहून अधिक कंत्राटी शिक्षक-कर्मचाऱ्यांना सेवा संपल्याच्या नोटिसा गेल्या होत्या. टाटा एज्युकेशन ट्रस्टकडून निधीचे आश्वासन मिळाल्यावर दोनच दिवसांत त्या मागे घेण्यात आल्या. माझ्या जुन्या सहाध्यायांत त्या दोन दिवसांत जे बोलणे झाले त्यात सगळे पक्ष पुन्हा हजर होते. निधीच नाही तर प्रशासनाने काय करायचे, असे एक म्हणत होते. दुसरे म्हणत होते, वर्षानुवर्षे चालणारे काम कायमस्वरूपी नाही का? १९६० ची कसोटी, जिथे ती शिकवली जाते त्याच आवारात.

माझे मत

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या श्रम संहिता लागू झाल्या आहेत. कल्याण अधिकारी नेमण्याची मर्यादा आता ५०० वरून २५० कामगारांवर आली, म्हणजे ती नोकरी अधिक ठिकाणी लागेल. कामगारकपातीसाठी सरकारी परवानगी लागण्याची मर्यादा १०० वरून ३०० वर गेली. कंत्राटी कामगारांच्या तरतुदी २० ऐवजी ५० माणसांपासून लागू होतील. उद्योगाच्या गाभ्याच्या कामात कंत्राटी कामगार ठेवण्यास मनाई आहे, अर्थात अपवादांसह. पण झाडलोट, साफसफाई आणि कचऱ्याची विल्हेवाट ही कामे, संस्था त्यासाठीच स्थापन झालेली नसेल तर, गाभ्यात मोजली जात नाहीत. रिफायनरीच्या सफाईचा जुना प्रश्न आता उलट्या दिशेने सोडवला गेला आहे. माझ्या व्यवसायातले अर्धे लोक याला लवचीकता म्हणतील, अर्धे पळवाट.

पस्तीस वर्षांनंतर मी दोन गोष्टी मानतो. गाऱ्हाणे ऐकणारा आणि आरोपपत्र चालवणारा माणूस एक असू नये. गजेंद्रगडकर आयोगाचे ते म्हणणे जुने झालेले नाही. आणि कोणत्याही कंपनीचे माणसांबद्दलचे धोरण वाचायला सुरुवात मूल्यमापनाच्या तक्त्यापासून करू नये, फाटकावरच्या दोन रजिस्टरांपासून करावी: एक आपल्या माणसांचे, दुसरे कंत्राटदाराच्या. दुसऱ्या रजिस्टरातल्या किती माणसांची नावे एचआरला माहीत आहेत, हा पहिला प्रश्न. जॉबरला ती माहीत होती, आणि त्या माहितीचा त्याने व्यापार केला. आम्ही तो व्यापार बंद केला, ते योग्यच केले. पण त्याबरोबर नावेही विसरलो.

त्या बडतर्फ कामगाराचे पुढे काय झाले ते मला दोन वर्षांनी कळले. आमच्याच फाटकातून तो पुन्हा आत आला होता, सफाईच्या कंत्राटावर. त्याने मला ओळखले आणि नमस्कार केला. त्याचे नाव आता माझ्या मस्टरवर नव्हते, त्यामुळे त्याच्यासाठी काही करणे माझ्या कामात बसत नव्हते.